यात्रा ठरायच्या आधी गावातले जुने दगड मोजून ठेवा

आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात गावची महालक्ष्मी यात्रा ठरली की अख्खं गाव कामाला लागतं. कुठं बारा वर्षांनी, कुठं पंचवीस वर्षांनी, कुठं त्याहून जास्त काळानं येणारी यात्रा, सगळे पै-पाहुणे येणार, लेकी-जावई येणार, त्यामुळं घरं रंगतात, रस्ते होतात, गटारी होतात आणि पंच कमिटी बसून ठरवते की देवळाचा जीर्णोद्धार करायचा. पट्टी म्हणजे वर्गणी जमते, कॉन्ट्रॅक्टर येतो आणि पाच-सहा महिन्यांत शेकडो वर्षं उभं असलेलं काहीतरी आपण आपल्याच पैशानं, आपल्याच हातानं, अगदी भक्तिभावानं घालवून बसतो.

हे मी आमच्याच गावात बघितलंय. देवळासमोर तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, होते. जीर्णोद्धारात एकाला चंदेरी ऑइल पेंट लागला, दुसरा नव्या कट्ट्याच्या पायात गेला, आणि तिसरा वाचला कारण तो विहिरीजवळ उपडा पडलेला होता, बायका त्यावर धुणं धुवायच्या, त्याला वर नक्षी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. कट्ट्याखाली गेलेल्या दगडाचा एकही फोटो गावात कुणाकडं नाही. मी त्या देवळासमोर लहानाचा मोठा झालो, खरं त्या दगडावर नेमकं काय कोरलेलं होतं हे आज मला सांगता येत नाही, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून ज्यांना आपल्या गावात हे काम नव्यानं सुरू करायचंय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, आधी नोंद मग दुरुस्ती. पैसा नसला तरी नोंद होते, परवानगी नसली तरी नोंद होते, आणि नोंद झालेली वस्तू सहजासहजी गायब होत नाही कारण ती आहे हे चार लोकांना माहीत असतं.

पहिली पायरी: पाच माणसं जमवा, पन्नास नकोत

सुरुवातीलाच मंडळ, नाव, बॅनर, टी-शर्ट या भानगडीत पडू नका. पाच माणसं पुरेत, खरं ती कोण हे नीट बघा. एक जण देवस्की पंचांपैकी, म्हणजे देवाचा कारभार बघणाऱ्यांपैकी, किंवा मानकऱ्यांच्या घरचा असावा, नाहीतर देवळाच्या आवारात फूटपट्टी घेऊन फिरायला लागलात की पहिल्याच दिवशी प्रश्न सुरू होतात. एक जण कन्नड चांगलं लिहिता-वाचता येणारा पाहिजे, कारण सगळे अर्ज, सगळे उतारे आणि बहुतेक शिलालेख कन्नड. शाळेतले एखादे सर किंवा बाई. फोन चांगला असलेला एक पोरगा किंवा पोरगी. आणि गावातली एक तरी मावशी-काकी, ही अट मी मुद्दाम घालतोय, कारण जुनी विहीर, पाणवठा, जातं, ओव्या, लग्नातली देवकं, कुठल्या झाडाला कधी नारळ फोडतात, हे सगळं बायकांना ठाऊक असतं आणि त्या पुरुष मंडळींसमोर हे सांगत नाहीत.

गल्लीबाहेरची माणसंही घ्या. एकाच गल्लीची पाच पोरं असली की दुसऱ्या दिवशी ते त्या गल्लीचं काम होतं.

दुसरी पायरी: शिवारात फिरा

दोन-तीन रविवार फक्त फिरायचं. काही साफ करायचं नाही, काही हलवायचं नाही. सुगी झाल्यावर, माघ-फाल्गुनात बरं, गवत वाळलेलं असतं, साप-किरडूची भीती कमी, बांध उघडे दिसतात.

काय शोधायचं? लोक म्हणतात आमच्या गावात काही नाही ओ, हलशीला आहे, देगावला आहे. हलशीला आहेच. कदंब राजांची पलाशिका नगरी ती, तिथले ताम्रपट जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात वाचून छापले, आणि बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंह मंदिर आहे ज्यात दोन गर्भगृहं समोरासमोर तोंड करून आहेत. देगावचं कमलनारायण मंदिर कदंब राणी कमलादेवीनं बांधून घेतलेलं, तेही बाराव्या शतकातलं. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन देऊळ) आहे, आणि शहराच्याच वडगाव-माधवपूर भागात उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष निघालेत. आता मला सांगा, एवढं सगळं आजूबाजूला असताना मधली गावं काय रिकामी होती? या सगळ्या वाटांवर माणसं राहत होती, लढत होती, देवाला जमिनी देत होती, त्यांच्या खुणा तुमच्या शिवारात असणार. फक्त त्या मोठ्या नसतात.

वीरगळ सगळ्यात सापडणारी गोष्ट. उभा दगड, त्यावर खालून वर वाचायचे कप्पे. खालच्या कप्प्यात लढाई, ढाल-तलवार, कधी शेजारी गुरं कोरलेली, म्हणजे गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो माणूस पडला. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढं बसलाय. आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. ‘वीरगळ’ या शब्दातला गळ म्हणजे कन्नडातला कल्लु, दगड. आपण मराठीत रोज वापरतो तो शब्दच या मातीतल्या दोन्ही भाषांचा आहे.

सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात आणि त्यात बांगड्या दिसतात. दानाचा शिलालेख असला तर वरच्या बाजूला बहुतेक वेळा लिंग, गाय-वासरू, चंद्र-सूर्य कोरलेले आणि खाली अक्षरांच्या ओळी. हा दगड पुष्कळदा देवळाच्या भिंतीला टेकवलेला असतो नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यात पायरी झालेला असतो.

यापलीकडंही नोंदायचं. पायऱ्यांची विहीर. गावची वेस. चावडी. जांभ्याच्या भिंतीची आणि खानापुरी कौलांची जुनी घरं, त्यांची दारं, खांब, माजघर. तुळशीवृंदावनं, नागाचे दगड, गावसीमेचे दगड, राखलेलं रान ज्यात कुऱ्हाड नेत नाहीत. जुनी झाडंसुद्धा लिहा, आपल्या नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिलं, तिथला वड लोक आजही तीर्थासारखा बघायला जातात.

आणि शेतांची नावं! ही माझ्या मते सगळ्यात लवकर मरणारी गोष्ट आहे. सर्व्हे नंबर राहतो, नाव जातं. ‘बस्तीची पट्टी’ म्हणतात आणि तिथं आज बस्ती नाही, म्हणजे कधीतरी जैन बस्ती होती का हे विचारायला जागा आहे. ‘गुरवकी’, ‘जोशीवतन’, ‘तळ्याचा माळ’, जसं लोक म्हणतात तसंच लिहून घ्या, शुद्ध करू नका.

तिसरी पायरी: वही आणि फोटो

एक जाड वही घ्या, प्रत्येक वस्तूला एक पान, प्रत्येक पानाला नंबर. नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दगडाशेजारी ठेवायचा आणि फोटो काढायचा, दगडावर खडूनं किंवा रंगानं कधीच लिहायचं नाही. पानावर काय लिहायचं तर वस्तू काय, कुठं आहे, कुणाच्या जागेत, तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी-जाडी सेंटिमीटरमध्ये, किती भाग जमिनीत गेलेला वाटतो, मोडलंय का, रंग लागलाय का, पूजा होते का, कोण करतं, तारीख, आणि नोंद करणाऱ्याचं नाव. जमिनीत किती गेलाय बघायला खणू नका. मातीच्या थरांतून पुढं जाणकारांना काळ कळतो, तो थर एकदा उकरला की परत लावता येत नाही.

फोटो पाच काढायचे, पुढून, मागून, दोन्ही कडांनी, आणि एक लांबून म्हणजे भोवतालची जागा कळेल असा. शेजारी फूटपट्टी उभी ठेवा, नसली तर काडीपेटी ठेवा. फोनचं लोकेशन चालू ठेवा. दुपारी बाराच्या उन्हात फोटो काढू नका, सगळी नक्षी सपाट दिसते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढा, सावल्या पडतात आणि कोरीव काम वर येतं.

त्याहून भारी म्हणजे रात्री टॉर्च. आमचा तो विहिरीवरचा दगड, सहा जणांनी मिळून सरळ केला (हे नोंद आणि फोटो झाल्यावर, आणि पंचांना विचारून), तर दिवसा बघताना वाटलं सगळं झिजून गेलंय. रात्री सोबतच्या पोरानं टॉर्च दगडाच्या कडेला, अगदी चिकटून आडवा धरला आणि हळूहळू फिरवला, तसा पहिल्यांदा एक घोडा दिसला. मग घोड्याचा लगाम. मग लगाम धरलेला हात, मग त्या माणसाच्या कमरेची कट्यार, आणि घोड्याच्या पायाखाली पडलेला दुसरा माणूस. खालच्या पट्टीवर चार-पाच अक्षरं. आम्ही कुणीच काही बोलत नव्हतो. जवळच राहणारी काकी भाकऱ्या टाकून बघायला आली, ती म्हणाली, “अगं बाई, ह्याच्यावर मी पंचवीस वर्सं धुणं आपटलं की.” दुसऱ्या दिवशी तिनंच त्याच्या बाजूला धुण्यासाठी वेगळा साधा दगड आणून टाकायला लावला.

अक्षरं दिसली की लोक त्यावर खडू घासतात, पीठ टाकतात, कोळशानं गिरवतात. अजिबात करू नका. गिरवताना आपण आपल्याला वाटतं ते अक्षर करून ठेवतो आणि खरं अक्षर जातं. ओला कागद लावून शाईनं ठसा घ्यायची रीत आहे, ती शिकलेल्या माणसांचंच काम, यूट्यूब बघून करायची नाही. टॉर्च चारी बाजूंनी धरून चार फोटो काढा, वाचणाऱ्याला तेवढ्यावर बरंच कळतं.

फोटो गुगल ड्राइव्हवर टाका, आणि एक छापील संच वहीत चिकटवून शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. फोन हरवतात, पासवर्ड विसरतात, वही राहते.

एक सावधगिरी. सुट्या मूर्ती आणि लहान वस्तू नेमक्या कुठं आहेत हे फेसबुक-व्हॉट्सअॅपवर टाकू नका. चोरांनाही फोन आहेत.

चौथी पायरी: म्हाताऱ्या माणसांजवळ बसा

प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका, माणूस बिचकतो. दुपारी चहाच्या वेळी जावं, आधी तब्येत, शेती, नातवंडं, मग वहीतला फोटो दाखवावा आणि गप्प बसावं. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा. “आजी, हे फोनात भरून घेऊ का?” असं म्हटलं की बहुतेक हसून घे म्हणतात.

आमच्या गावाबाहेर एक विहीर आहे, तिला एका बाजूनं पायऱ्याऐवजी उतार आहे, आम्हाला वाटायचं पायऱ्या ढासळल्या असणार. एक आजी फोटो बघून म्हणाल्या, “ती घोड्याची बाव नव्हं? घोडी खाली उतरून पाणी प्यायची.” म्हणजे उतार मुद्दाम केलेला. त्याच वर्षी तिथं सिमेंटच्या पायऱ्या करायचं एस्टिमेट झालं होतं. आजींच्या त्या एका वाक्यानं उतार वाचला.

दोन म्हातारे दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. कोण खरं हे ठरवायला आपण बसलेलो नाही. आणि ज्यांना पूर्वी देवळाच्या आत घेत नव्हते त्या घरांतही जा, सीमेवरचे देव, तराळकी म्हणजे गावच्या निरोप्याचं काम, वाजंत्री, गाड्याचं काम, मरीआईचा मान हे त्यांच्याकडं आहे आणि ते आजवर कुणी विचारलेलंच नाही.

पाचवी पायरी: कागद

१९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळं इनाम-वतनाचे जुने कागद मराठीत आणि पुष्कळदा मोडीत. पाटील-कुलकर्णी-गुरवांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर रुमालात बांधलेले असतात. मागून घेऊन जाऊ नका, त्यांच्या घरातच जमिनीवर पांढरं कापड पसरून, उजेडात, वरून फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, दोन्हीनं कागद मरतो. मोडी वाचणारे कोल्हापूर-पुण्याकडं बरेच मिळतात.

बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा बेळगावचा खंड १८८४ चा आहे, इंटरनेटवर मिळतो, त्यात गावांची माहिती आहे, तुमचं गाव असेल तर नशीब. तहसील कचेरीतून गावठाणाचा नकाशा आणि आरटीसी, म्हणजे आपला उतारा, काढून घ्या. देऊळ, तळं, गायरान कुणाच्या नावावर आहे हे आत्ताच बघून ठेवलं तर पुढची निम्मी भांडणं वाचतात.

शिलालेख असेल तर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या कन्नड संशोधन संस्थेकडं फोटो पाठवा, बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, आणि म्हैसूरला पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख शाखा आहे. गावातल्या कन्नड सरांना जुनं कन्नड लगेच वाचता येईलच असं नाही, लिपी आणि भाषा दोन्ही वेगळी, त्यांना त्यावरून काही बोलू नका.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. आमच्या बैठकीत एकानं विचारलं, दगड कन्नडमध्ये निघाला तर? निघाला तर निघाला. आठशे वर्षांपूर्वी ज्यानं गावच्या देवाला जमीन दिली त्यानं त्या वेळच्या भाषेत लिहून ठेवलं. आपण मराठी बोलतो म्हणून तो दगड परका होत नाही, आणि तो कन्नड आहे म्हणून आपलं गाव परकं होत नाही. या भीतीनं दगड मातीत पुरलेले मी ऐकलेत, असं कुणी करत असेल तर हात धरा त्याचा.

सहावी पायरी: कायदा थोडक्यात

आधी बघा की तुमची वास्तू संरक्षित आहे का. केंद्राची असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडलाकडं, राज्याची असेल तर राज्य पुरातत्त्व खात्याकडं. केंद्र संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याचा स्वतःचा १९६१ चा कायदा आहे. देऊळ मुजराई खात्याकडं, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडं, असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एक दगड हलवायचा नाही.

यातलं काहीच नसेल, आणि गावातल्या बहुतेक गोष्टी यात नसतातच, तर जबाबदारी ग्रामसभेवर येते. वहीतली यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव करून घ्या की या यादीतल्या वस्तूंना ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहा, मराठी प्रत जोडा, पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही-शिक्का घेतलेली पोच जपून ठेवा. आम्ही पहिला अर्ज नुसता मराठीत दिला होता, तो टेबलावरच राहिला आणि तीन महिने गेले.

खणताना काही सापडलं, नाणी, दागिना, मूर्ती, तर कर्नाटकच्या १९६२ च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरच्या मूर्ती-वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. गुप्तधनासाठी अमावास्येला देवळात खड्डे मारणारे आमच्या भागात येतात, नंदी फोडतात, लिंग उपटतात, तसा खड्डा दिसला तर तो बुजवायच्या आधी फोटो काढा आणि पोलिसांत लेखी द्या.

सातवी पायरी: साफसफाई, आणि हात कुठं आवरायचा

गावचा उत्साह सगळा इथंच बाहेर पडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दगड साफ करायचा तर सुका मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच. साबण पावडर नको, अॅसिड नको, तारेचा ब्रश नको, आणि ते वाळूचा झोत मारणारं सँड ब्लास्टिंगचं मशीन तर गावात येऊ देऊ नका. देऊळ एका दिवसात नव्यासारखं दिसतं खरं, पण दगडाची वरची कातडी गेलेली असते, आणि नक्षी त्या कातडीतच असते. आधीच ऑइल पेंट लागला असेल तर तो आपण खरवडायचा नाही, जाणकार मिळेपर्यंत राहू दे, फक्त पुढच्या यात्रेला दुसरा हात मारू देऊ नका. दिवा-तेल बंद करा असं सांगायला जाऊ नका, ती पूजा आहे. दिवा हातभर पुढं ठेवायला सांगा, तेल समोरच्या ताटलीत सोडायला सांगा, गुरव ऐकतात.

सिमेंट. आपल्याकडची जुनी बांधकामं जांभ्यात नाहीतर काळ्या दगडात, सांधे चुन्याचे. चुना मऊ असतो, पाणी आत गेलं तरी बाहेर सोडतो. सिमेंट कडक, ते पाणी आत कोंडतं, मग ते पाणी दगडातून वाट काढतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. चार-पाच पावसाळे गेले की सिमेंटची रेघ तशीच उभी आणि भोवतालचा जांभा खाल्ल्यासारखा झालेला, हे कुठल्याही गावात बघायला मिळेल. म्हणून सांधे भरायचेत तर चुनाच. चुना विरवून आठवडेच्या आठवडे पाण्याखाली मुरवायचा, चाळलेली वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचे. प्रमाण माझ्याकडून घेऊ नका, जुना चुना बघून ठरवणारा गवंडी शोधा, आणि आधी एका कोपऱ्यात हातभर काम करून एक पावसाळा जाऊ द्या.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर आला असेल तर ओढू नका. मुळाबरोबर दगड येतात. बुंध्याशी कापा, परत फुटला की परत कापा, रोप लहान असतानाच ही राखण ठेवा.

फरशी बदलू नका, टाइल्स लावू नका, ग्रॅनाईट तर नकोच. आणि देणगीदारांच्या नावाचे फलक जुन्या भिंतीला खिळे मारून लावू नका, आवारात वेगळा खांब उभारून त्यावर लावा, नाव जास्त चांगलं दिसतं.

विहिरीचा गाळ काढायचा तर एप्रिल-मेमध्ये, पाणी तळाला गेल्यावर. इथं जीव जातात म्हणून नीट वाचा. बंद विहिरीत तळाला वाईट हवा साचते. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही, पण कंदील जळतोय म्हणजे सगळं ठीक असंही नाही. डिझेलचा पंप विहिरीच्या आत उतरवू नका, त्याचा धूर खाली कोंडतो. एकट्यानं उतरायचं नाही, कमरेला दोर, वर माणसं, आणि खाली कुणी पडला तर त्याच्यामागं दुसऱ्यानं उडी टाकायची नाही. शंका आली तर अग्निशामक दलाला बोलवा. निघालेला गाळ बाजूला पसरून चाळून बघा, मगच शेतात टाका.

आठवी पायरी: पंच कमिटीशी बोलणं

सगळ्यात अवघड हेच आणि सगळं यावरच ठरतं. भर बैठकीत उठून “तुम्ही वारसा मोडताय” म्हणू नका. जीर्णोद्धार करणारी माणसं वाईट नसतात, देवाचं चांगलं व्हावं हीच त्यांची इच्छा असते, आणि गळकं देऊळ त्यांनाच सांभाळावं लागतं. आधी एकेकाच्या घरी जा. आण्णा, तात्या, जे नातं असेल त्या नात्यानं बोला. वही दाखवा. टॉर्चमधला फोटो दाखवा, तो फोटो दहा भाषणांचं काम करतो.

आणि नुसतं नको-नको करू नका, त्यांना काय करता येईल ते सांगा. यात्रेला खरी गरज असते पाण्याची, संडास-बाथरूमची, सावलीची, जेवणावळीच्या जागेची, गदगेच्या, म्हणजे यात्रेत देवी बसवतात त्या जागेच्या, मांडवाला सपाट मैदानाची. पट्टीचा पैसा तिकडं वळवा. आरसीसी सभामंडप हवाच असेल तर जुन्या देवळाला न टेकता, आवाराबाहेर, वेगळ्या पायावर. देवळाचं छत गळतंय ते मात्र आधी करा, तो गावाचा खरा त्रास असतो आणि तो तुम्ही सोडवलात की बाकीचं ऐकतात. जुने रथ, पालख्या, लाकडी मूर्ती जाळायच्या किंवा सोडायच्या असतील तर तो देवाचा विधी, त्यात पडू नका, फक्त आधी फोटो आणि मापं घ्यायची परवानगी मागा.

कॉन्ट्रॅक्टरच्या कागदात एक ओळ घालून घ्या, यादीतल्या नंबरच्या वस्तू हलवायच्या नाहीत, आणि हलवाव्याच लागल्या तर कमिटीच्या दोन माणसांसमोर. आमच्याकडं पुढच्या वेळी ही ओळ होती, जेसीबी आला त्या दिवशी शाळेतली दोन पोरं वही घेऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरला नंबर दाखवत होती. नागाचे दोन दगड त्यानं स्वतः उतरून, पट्टा लावून बाजूला ठेवले.

नंतर

दसरा झाला की वर्षातून एकदा यादी घेऊन फेरी मारा, त्याच जागी उभं राहून तोच फोटो परत काढा आणि जुन्या फोटोशेजारी चिकटवा. भेग वाढली, दगड कलला, रंग लागला, कुणी हलवला, सगळं त्यात दिसतं. आमच्या वहीत पहिल्या वर्षी ३१ नंबर होते, पुढच्या दोन फेऱ्यांत लोक आपणहून गोठ्यातले, परसातले दगड दाखवायला लागले आणि ४४ झाले. कट्ट्याखाली गेलेल्या दगडासाठीही एक पान ठेवलंय. फोटोची जागा मोकळी आहे, खाली ज्यांना जे आठवतंय ते त्यांच्या नावासकट लिहिलंय, आतापर्यंत सात जणांनी लिहिलं, त्यातले तिघं म्हणतात वर हत्ती होता.